टॅक्सीवाल्यांची मर्सिडीज

किल्ली काढून खिशात टाकली, दार लावून माणूस दोन पावलं पुढे गेला, तरी बॉनेटखाली इंजिन आपलं धडधडतंच आहे. जुन्या डिझेल मर्सिडीजचा नवा मालक माझ्या गॅरेजात पहिल्यांदा येतो तो बहुधा ही तक्रार घेऊन. गाडीत भूत शिरलंय, असा चेहरा असतो. मी बॉनेट उघडतो, इंजिनावर ‘स्टॉप’ अशी खूण असलेला एक छोटा दांडा असतो तो दाबतो, इंजिन बंद होतं. मग चहा मागवतो, कारण पुढचं समजावून सांगायला वेळ लागतो.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. त्यामुळे किल्ली फिरवून करंट तोडला की इंजिन थांबलं, असं इथे होत नाही. डिझेलच तोडावं लागतं. १९७६ साली आलेल्या डब्ल्यू १२३ या मॉडेलमध्ये ते काम व्हॅक्युमवर चालतं. इंजिनावरचा पंप हवा खेचतो आणि बारीक नळ्यांमधून ती ओढ डिझेल पंपापर्यंत पोचते. त्याच पंपाच्या ओढीवर दारांचं सेंट्रल लॉकही चालतं. चाळीस वर्षांनी मागच्या दारातला एखादा रबरी तुकडा कडक होऊन चिरतो आणि पुढे इंजिन बंद व्हायला नकार देतं. रबराचा तुकडा स्वस्त असतो, तो कुठे चिरलाय हे शोधण्याची मजुरी लागते. मला कौतुक त्या दांड्याचं वाटतं. रबर कधी ना कधी चिरणार हे गाडी आखणाऱ्याला ठाऊक होतं आणि त्या दिवशी माणूस रस्त्यात अडकू नये याची सोय त्याने आधीच करून ठेवली होती.

आपल्याकडे मर्सिडीज म्हणजे मंत्री, बिल्डर आणि सिनेमातला खलनायक. जर्मनीत मात्र तिची एक मोठी ओळख म्हणजे टॅक्सी. तिथल्या फिकट हस्तिदंती रंगाच्या डिझेल टॅक्सी कित्येक वर्षं बहुतेक मर्सिडीजच असत. त्यांचा वेग हा विनोदाचाच विषय होता. १२३ मधलं सगळ्यात लहान डिझेल, २०० डी, शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरला पोचायला अर्धा मिनिट घेई. टॅक्सीवाल्याला त्याचं काही नव्हतं. त्याला हवं होतं ते रोज सकाळी सुरू होणारं इंजिन, दिवसभर बसून पाठ न दुखवणारी सीट आणि हाताशी येणारे सुटे भाग. १९८५-८६ पर्यंत या एका मॉडेलच्या सुमारे २७ लाख गाड्या निघाल्या. सुरुवातीच्या काळात नव्या गाडीसाठी इतकी वाट पाहावी लागे, की थोडी वापरलेली गाडी नव्याच्या भावात खपे.

ग्रीसमधल्या ग्रेगोरिओस साखिनिदिस या टॅक्सीचालकाची २४० डी ही तर आमच्या धंद्यातली दंतकथाच. ती १२३ च्याही आधीच्या मॉडेलची गाडी. तिने ४६ लाख किलोमीटर केले आणि २००४ मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयात गेली. ही गोष्ट सांगताना लोक एक तपशील गाळतात. साखिनिदिसने इंजिनं आलटून पालटून बदलली होती. एक गाडीत, दुसरं उतरवून दुरुस्तीला. ‘इंजिन कधी उघडलंच नाही’ अशी फुशारकी कोणी मारली, की मी हा तपशील मुद्दाम सांगतो. ती गाडी लाखो किलोमीटर चालली, कारण ती उघडता येत होती आणि तिचा मालक ती वेळेवर उघडत होता.

तसं पाहिलं तर रस्त्यातली दुरुस्ती या घराण्याच्या रक्तातच आहे. कार्ल बेंझला त्याच्या तीनचाकी गाडीचं पेटंट मिळालं ते २९ जानेवारी १८८६ च्या तारखेचं. पण गाडी दूरवर जाते हे जगाला दाखवलं त्याच्या बायकोने. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत विसलोखच्या औषधांच्या दुकानातून इंधन घेतलं, इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, घासून गेलेल्या ब्रेकला चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगचा उगम तोच, असं सांगतात. मोटारीच्या इतिहासातला पहिला मेकॅनिक कोण, असं मला विचाराल तर मी बाईंचं नाव घेईन.

पुढचं थोडक्यात. श्टुटगार्टजवळ कानश्टाटला गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख वेगळी गाडी बनवत होते. त्यांच्या कंपनीच्या गाड्या विकणाऱ्या एमिल येलिनेक या व्यापाऱ्याने आपल्या मुलीचं, मर्सेडेसचं, नाव गाडीला दिलं. १९२६ मध्ये डाइमलर आणि बेंझ या दोन कंपन्या एक झाल्या. तोवर दोन्ही संस्थापकांची आयुष्यात एकदाही गाठ पडल्याचा पुरावा नाही, आणि डाइमलर तर १९०० सालीच गेला होता. १९३६ मध्ये २६० डी आली. नियमित उत्पादनात आलेल्या अगदी पहिल्या डिझेल मोटारींपैकी ती एक, आणि तिचंही गिऱ्हाईक मुख्यतः टॅक्सीवालाच. त्याच काळात ही कंपनी नाझी सत्तेच्या गाड्या आणि विमानांची इंजिनं बनवत होती आणि युद्धात तिने हजारो लोकांना सक्तीने राबवलं. चांदणीच्या प्रेमात पडलेली माणसं हे पान चटकन उलटतात. ते उलटू नये असं मला वाटतं.

आता आपल्याकडे. आमच्या आधीच्या पिढीतल्या ड्रायव्हरला मर्सिडीज म्हटलं की ट्रकच आठवे. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक बनू लागले. करार १९६९ पर्यंत चालला. तोवर घाटात दम खात चढणाऱ्या त्या ट्रकांच्या तोंडावर हीच तीन टोकांची चांदणी होती. मोटारी मात्र मोजक्याच. आखातातून परतलेल्यांनी सोबत आणलेल्या किंवा परदेशी वकिलातींनी वापरून सोडलेल्या. माझ्याकडे येणाऱ्या १२३ बहुतेक याच दोन वाटांनी आलेल्या आहेत.

पण खरी गंमत पुण्यातच, आकुर्डीला आहे. बजाज टेम्पो या कंपनीने १९८० च्या दशकात डाइमलर-बेंझच्या परवान्याने ओएम ६१६ हे डिझेल इंजिन बनवायला घेतलं. हे इंजिन म्हणजे २४० डी च्या बॉनेटखालचंच: चार सिलिंडर, २.४ लिटर. ते बसलं टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये आणि ट्रॅक्समध्ये. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे ज्याने वडापच्या ट्रॅक्समधून, मागच्या बाकावर मांडीवर पोतं घेऊन प्रवास केला असेल त्याने मर्सिडीजच्या इंजिनावर प्रवास केला आहे, भले त्याला ते कोणी सांगितलं नसेल. मोरोक्कोत जुन्या २४० डी वर्षानुवर्षं गावोगावच्या शेअर टॅक्सी म्हणून धावल्या. एका गाडीत सहा उतारू, पुढे ड्रायव्हरशेजारी दोन. तिथलं ते वडाप आणि इथलं हे, इंजिन एकाच आराखड्याचं. पुण्यातल्या २४० डी वाल्याला याचा फायदा आजही होतो. सगळे नाही, पण इंजिनाचे काही भाग इथल्या बाजारात मिळतात, आणि आवाज ऐकून टॅपेट ढिले की नोझल गळतंय हे सांगणारे म्हातारे मिस्त्री भोसरी-चिंचवडला अजून सापडतात. हे मिस्त्री कधी मर्सिडीजच्या सीटवर बसलेले नसतात.

१९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझने टेल्कोबरोबर पुण्यात कंपनी काढली. १९९५ पासून पिंपरी-चिंचवडला टेल्कोच्या आवारात डब्ल्यू १२४ ची जुळणी सुरू झाली: ई २२० पेट्रोल आणि ई २५० डिझेल. चाकणचा स्वतंत्र कारखाना २००९ चा. १२४ जर्मनीत १९८४ सालीच आली होती आणि आपल्याकडे ती पोचली तेव्हा तिकडे तिची गादी पुढच्या मॉडेलकडे जात होती. ‘जुनं मॉडेल आपल्या गळ्यात मारलं,’ अशी कुरकुर तेव्हा बरीच झाली. आज पाहिलं तर आपलं भाग्यच म्हणायचं. माझ्या मते या कंपनीने आधी हिशेब न करता, आधी गाडी आखून मग किंमत ठरवून बनवलेली ती शेवटची मध्यम आकाराची मोटार.

१२४ वर काम करायला मला आजही आवडतं. बॉनेट सरळ उभं राहतं, पाठ वाकवावी लागत नाही. काच पुसायला वायपर एकच, पण तो फिरता फिरता आत-बाहेर सरकतो आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. त्याच्या गिअरला ग्रीस नसेल तर पहिल्या पावसात तो रडतो. एप्रिल-मेमध्ये कोणी तो उघडून बघत नाही. वायपरच्या खालच्या जाळीत गुलमोहराचा पाला साचतो, पाण्याची वाट बुजते आणि पाणी आत उतरतं. सुट्या भागांचे नंबरही वाचण्यासारखे असतात. नंबरातले सुरुवातीचे तीन आकडे बहुधा तो भाग मुळात कोणत्या मॉडेलसाठी बनला ते सांगतात. १२४ खाली झोपून पाहिलं तर २०१ ने किंवा १२३ ने सुरू होणारे आकडे दिसतात. चाललेली वस्तू उगाच बदलायची नाही, असा तो रिवाज होता.

दोष नाहीत असं नाही. एसीची कूलिंग कॉइल गळली की अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. ते काम घेताना मी मालकाला आधी खुर्चीत बसवतो. मागच्या बाजूचे बुश आणि पुढचे बॉल जॉइंट आपल्या खड्ड्यांत लवकर जातात. कोकणात राहिलेली गाडी असेल तर जॅक लावायच्या जागांवरची झाकणं काढून गंज बघावाच लागतो. आणि १९९२ ते ९५ च्या सुमाराच्या पेट्रोल इंजिनांच्या वायरिंगला जे आवरण वापरलं होतं, ते उष्णतेने पापडासारखं तुटतं, तारा उघड्या पडतात. आपल्याकडच्या ई २२० याच काळातल्या. इंजिन उगाच थडथडायला लागलं की लोक प्लग बदलतात, सेन्सर बदलतात, पेट्रोलला शिव्या देतात. आधी वायरिंग वाकवून बघा.

त्यानंतर कंपनीचं लक्ष दुसरीकडे गेलं. १९९७ मध्ये छोटी ए क्लास स्वीडनमधल्या चाचणीत उलटली. तिची दुरुस्ती म्हणून गाडीचा तोल सांभाळणारं ईएसपी सरसकट बसवावं लागलं, हे त्यातलं भलं. १९९८ मध्ये क्रायस्लरशी लग्न झालं, २००७ मध्ये मोडलं. १९९५ नंतरच्या ई क्लासला गंजाने बदनाम केलं. त्या काळात गाडी दुरुस्त करण्यापेक्षा अख्खा भागच बदलण्याचं वळण सगळ्याच कंपन्यांना लागलं, एकट्या मर्सिडीजला कशाला बोल लावा. पण टॅक्सीवाला ज्या भरवशावर जगत होता, तो भरवसा पातळ झाला तो तेव्हाच.

म्हणून जुनी मर्सिडीज घ्यायची तर ती टॅक्सीवाल्यासारखी घ्या आणि टॅक्सीवाल्यासारखीच ठेवा. २०१५ मध्ये हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली, तेव्हापासून तिकडच्या चकाचक गाड्या स्वस्तात इकडे येतात. चमक आणि मीटरचे आकडे, दोन्हींवर विश्वास ठेवू नका. गाडी बघायला सकाळी जा आणि आधी रेडिएटरला हात लावा. गरम असेल तर विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधीच इंजिन चालवून ठेवलंय, म्हणजे थंड इंजिनाची कुरकुर त्याला लपवायची आहे. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण फिरवून नुसतं उलटं ठेवा. जरासं थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर पिस्टन-रिंगचं काम आलं. जुन्या बिलांची फाइल मागा. फाइल नसेल तर भाव पाडा. फाइल असेल आणि मालक ती दाखवताना रमत असेल, तर घासाघीस करू नका.

१२३ च्या डिझेलमध्ये टॅपेट दर २४ हजार किलोमीटरला सेट करायचे असतात. फिलर गेज, दोन पाने आणि दुपारचा निवांत वेळ, एवढंच लागतं. १२४ च्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, तिथे ही कटकट नाही. पण मग ऑइल बदलण्यात चालढकल चालत नाही. टायमिंग चेन ताणली गेली असेल तर किती अंश, ते मोजता येतं. मोजा. ‘आवाज नाही ना, मग चालू दे’ म्हणणारा मिस्त्री असेल तर मिस्त्री बदला.

राहता राहिलं आरटीओ. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग आणि त्यासोबत हरित कर, हे धरूनच चाला. १९७६ ची पहिली १२३ २०२६ मध्ये पन्नाशी गाठते, आणि २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नाशीपुढची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. काही मालक त्या ‘व्हीए’ नंबराच्या हौसेने माझ्याकडे चौकशी करतात. मी त्यांना नको म्हणतो. ती नोंदणी केली की गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, तंत्रसंशोधनाला आणि इंधन-दुरुस्तीला जाऊ शकते. रोजच्या रस्त्यावर नाही. जोवर मिळतंय तोवर साधं पासिंग घ्या आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी कात्रजचा घाट चढवून आणा. टो करून माझ्याकडे आणलेल्या बहुतेक मर्सिडीज पार्किंगमध्ये उभ्या राहूनच बिघडलेल्या असतात.