तिसरा समास

समास या शब्दाचे दोन अर्थ मी जवळजवळ सत्तावीस वर्षे वर्गात सांगत आलो. एक व्याकरणातला, ज्यात दोन पदे एकमेकांजवळ येतात. दुसरा वहीतला, ज्यात डावीकडची कोरी पट्टी सोडायची असते. एक जवळ आणणारा, एक दूर ठेवणारा. विद्यार्थ्यांना ही गंमत आवडते. तिसरा अर्थ मला पन्नाशीनंतर, २०१८ साली, नगररचना विभागाच्या खिडकीपाशी कळला. ‘सर, तुमचा उजवीकडचा समास भरत नाही,’ असे आतला कारकून म्हणाला, आणि क्षणभर मला वाटले की अर्ज लिहिताना माझीच काही चूक झाली असावी.

सामासिक अंतर म्हणजे घराची भिंत आणि भूखंडाची हद्द यांच्यामध्ये मोकळी सोडायची जागा. शहराचे नाव सांगण्यात अर्थ नाही. नांदेडपासून लातूरपर्यंतच्या रस्त्यावर कुठल्याही गावात हे घडले असते, आणि घडतेच. माझा भूखंड तीस बाय पन्नास फुटांचा, अकृषिक, मंजूर ले-आउटमधला. म्हणजे कागदाच्या दृष्टीने सुखी माणसाचा सदरा. पण मोजणी झाली तेव्हा नकाशात निघाले की त्या तीस फुटांतला अर्धा फूट शेजाऱ्यांच्या कुंपणभिंतीखाली आहे. भिंत त्यांच्या वडिलांनी घातलेली. शेजारी सज्जन, आम्ही त्या भिंतीवर कोपर टेकून चहा प्यायलो आणि दोघांनीही ठरवले की भिंत पाडायची नाही. मग घर सहा इंचांनी आकसले. जिना फिरवला, नकाशा नव्याने काढला, नव्या नकाशासाठी नवा अर्ज, नव्या अर्जावर जुन्या चलनाचा क्रमांक चालेना. सात महिने गेले. ‘चहापाणी’ हा शब्द त्या सात महिन्यांत कोणी उच्चारला नाही, हेही नोंदवून ठेवतो. सगळे अदबीने बोलत. अदबीच्या विरुद्ध तक्रार तरी काय करायची?

भाषेच्या माणसाला अशा ठिकाणी एक विरंगुळा असतो. रांगेत उभे राहून मी शब्द गोळा करीत असे. घर बांधून झाले की राहण्याचा जो दाखला मिळतो त्याला ‘भोगवटा प्रमाणपत्र’ म्हणतात. भोग या शब्दाच्या दोन्ही छटा त्यात शाबूत आहेत. परवानगीशिवाय बांधलेले घर दंड भरून पदरात घेतात, त्याला ‘प्रशमन’ म्हणतात, आणि २०१७ च्या नियमांनंतर अशा घराला ‘प्रशमित संरचना’ असे नाव आहे. शांतरसाच्या जवळपासचा शब्द दंडाच्या पावतीवर पाहून बरे वाटले. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून झालेल्या वस्त्या त्या ‘गुंठेवारी’. त्या नियमित करण्याचा कायदा २००१ साली झाला. तेव्हा १ जानेवारी २००१ ही मर्यादा होती, ती २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० वर आणली. मराठवाड्यातल्या शहरांचे मोठे भाग अशा वस्त्यांचेच आहेत. शहर आधी वाढते, नियम मागून येतो आणि तारीख पुढे सरकवतो.

आणि ‘जोते’. हा मात्र माझ्या आजोळचा शब्द. संध्याकाळी म्हाताऱ्या जोत्यावर बसत. इथे तो ‘जोते तपासणी प्रमाणपत्र’ या रूपात भेटला. जोत्यापर्यंत बांधकाम आले की कार्यालयाला कळवायचे, त्यांनी येऊन पाहायचे, मग पुढे जायचे. तपासणीला आलेला कनिष्ठ अभियंता तरुण होता, मुलासारखा. त्याने टेप धरून चारही बाजूंचे समास मोजले, छायाचित्रे घेतली. बाजूला सळयांचा भारा पडला होता, शेजारी रिंगांचा ढीग होता. मी विचारले, ‘हे बघत नाही का?’ तो म्हणाला, ‘ते तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम, सर. त्यांचं प्रमाणपत्र फायलीत लावलेलं आहे.’ ते खरेच होते. सहीनिशी, शिक्क्यानिशी लावलेले होते. ती सही करणाऱ्या माणसाला मी आजवर पाहिलेले नाही.

हा प्रश्न मी का विचारला, ते सांगायला मागे जावे लागेल.

माझे आजोळ औसा तालुक्यातले, किल्लारीपासून हाकेच्या नव्हे पण पायी जाण्याच्या अंतरावरचे. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. रात्री उशिरा विसर्जन करून माणसे घरी येऊन झोपली, आणि ३० तारखेच्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. तीव्रता ६.२ च्या आसपास. जगाच्या हिशेबात हा मध्यम भूकंप. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. माझी आजी त्यांतली एक. मी दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा पाऊस पडत होता आणि ओल्या मातीचा वास सगळीकडे होता. तो वास मला अजून पेरणीच्या दिवसांतही सोसत नाही.

आजोळचे घर माळवदाचे होते. ज्यांनी माळवद पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्या घराने आजीला मारले असे सगळे म्हणतात आणि मला ते अर्धेच खरे वाटते. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत, चिखलात रचलेली. आतला पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये गोटे आणि माती भरलेली. आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर फळ्या आणि फळ्यांवर पांढरी माती. उन्हाळ्यात आत शिरले की अंगावरून थंड हात फिरल्यासारखे वाटे. दर वर्षी पावसाआधी गळू नये म्हणून वर मातीचा नवा थर टाकायचा. जुना कोणी काढत नसे. आजोबांच्या वडिलांपासूनची माती आजीच्या डोक्यावर होती. जमीन हलली तेव्हा भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले, कारण त्यांना एकत्र धरणारा आरपार दगड कुठेच नव्हता. आमच्या घराचे लाकडी खांब दुसऱ्या दिवशीही उभे होते. दगड, माती, लाकूड यांतले काहीही मुळात घातक नव्हते. दोन पदरांना जोडायचे राहिले होते, एवढेच. व्याकरणातला समास.

भूकंपाच्या नकाशावर तेव्हा हा भाग झोन एकमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ साली भारतीय मानक सुधारले, झोन एक रद्दच झाला आणि किल्लारीचा परिसर झोन तीनमध्ये गेला. नियम हा बहुधा असाच लिहिला जातो, माणसे गेल्यावर. तेव्हापासून मला नियमाची थट्टा करवत नाही, त्याच्या अंमलाची मात्र करवते.

पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी हलवली. जमीन नसलेल्याला आणि एक हेक्टरपर्यंत असलेल्याला अडीचशे चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत चारशे, त्यावर साडेसातशे. मामाला चारशेचे घर मिळाले. भिंतींत पट्ट्या, वर स्लॅब, मजबूत, तापणारे. पाच-सहा वर्षांनी गेलो तर मामाने मागे गुरांसाठी आडोसा बांधला होता. जुन्या गावातून ट्रॅक्टरने आणलेले तेच दगड, चिखलातच रचलेले. मी बोललो तर म्हणाला, ‘आरं, हितं मोजायला कोण येतंय?’

मोजायला कोणी येण्याची दुसरी एक तऱ्हाही त्याच काळात होऊन गेली, आणि तिची आठवण फार कोणी काढत नाही. जी गावे हलवली नाहीत तिथे लाखांच्या घरात घरे दुरुस्त आणि मजबूत करायची होती. पैसा हप्त्याहप्त्याने, काम पाहून मिळे. त्या कामी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. मामीच्या माहेरची, निलंगा तालुक्यातली, एक बाई अशी संवाद सहायक होती. शाळा चौथीपर्यंत. ती घरात येऊन आधी बसे, पाणी मागे, मग भिंतीवरून हात फिरवून विचारी, ‘इथं आरपार किती घातले?’ भिंतीला भोक पाडून, आकडा केलेली सळई घालून, काँक्रीट भरून दोन पदर कसे शिवायचे, माळवदावरची माती किती उतरवायची, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपे लाकूड कशासाठी ठोकायचे, हे ती चुलीपाशी बसून सांगे. सगळ्यांनी ऐकले असे नाही. दगडाची भीती इतकी बसली होती की बहुतेकांनी जुने घर तसेच ठेवून त्या पैशात सिमेंटची एक खोली उठवली, आणि झोपायला पुन्हा जुन्या घरात गेले, कारण ते गार होते. तरीही मला त्या पदनामाचा हेवा वाटतो. निरीक्षक नव्हे, तपासनीस नव्हे, संवाद सहायक. मराठी प्रशासनाने घडवलेल्या शब्दांत इतका नेमका शब्द मला दुसरा आठवत नाही.

तर, माझ्या बांधकामावरच्या रिंगा. कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या या लोखंडी चौकटी. त्यांची टोके काटकोनात मोडून सोडली तर मोठ्या हादऱ्यात बाहेरचे काँक्रीट गळताच त्या उघडतात. तीच टोके तिरपी आत, काँक्रीटच्या पोटात वळवली तर धरून राहतात. कॉलमच्या तळाशी आणि माथ्याशी त्या जवळजवळ हव्यात. नकाशात तसेच काढले होते. लवचीक काँक्रीट बांधकामाचे हे मानक १९९३ सालचेच आहे, हे मला वाचताना उगाच टोचले होते. मी मिस्त्रीला नकाशा दाखवला. तो शांतपणे म्हणाला, ‘सर, तीस वर्षं बांधतोय. असं कुणी करत नाही. वेळ जातो.’ वाद झाला. शेवटी त्याने सेंटरिंगवाल्याला बोलावून माझ्यादेखत दहा-बारा रिंगा वळवून घेतल्या आणि माझ्याकडे असे पाहिले की मुलाचा हट्ट पुरवला.

आता जे सांगायचे ते सांगतो. तळमजल्याच्या पुढच्या चार कॉलमांचे काँक्रीट ज्या दिवशी झाले त्या दिवशी मी बांधकामावर नव्हतो. जोते तपासणीच्या प्रमाणपत्रावर भूखंडाचा क्रमांक चुकीचा पडला होता; तो दुरुस्त करून घ्यायला मी सकाळी दहापासून साडेचारपर्यंत कार्यालयात होतो. आदल्या रात्री मिस्त्रीने फोन केला होता की मिक्सर उद्याच मिळतोय, नंतर आठ दिवस नाही. मी म्हणालो, घालून घ्या. परतलो तेव्हा चारही कॉलम फळ्यांत बंद होते. ‘तुम्ही सांगितलं तसंच केलंय,’ मिस्त्री म्हणाला. मी हातातले दुरुस्त प्रमाणपत्र पाहिले आणि काही बोललो नाही. फळ्या उघडून घेण्याचा हट्ट मी करू शकलो असतो. मी दमलो होतो, एवढेच कारण.

पुढे २०२० च्या डिसेंबरात राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायला आता पूर्वीसारख्या परवानगीची गरज उरली नाही. कागद आणि शुल्क भरून कळवले की पुरे. त्यावरच्या तीनशेपर्यंतच्यांना दहा दिवसांत. माझा भूखंड एकशे एकोणचाळीस चौरस मीटर. माझे सात महिने वाचले असते, म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही. पण त्या वर्गाला दिलेले नाव वाचून थबकलो: ‘कमी जोखीम’. आजोळच्या गावात एकही इमारत मोठी नव्हती. सगळी घरे कमी जोखमीचीच होती.

२१ मार्च २०२४ च्या सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. अकरा मिनिटांनी दुसरा, थोडा लहान. नांदेड-परभणीकडे भांडी वाजली, आमच्याकडेही कपाटाचे दार आपोआप उघडले. नुकसान काही नाही. मी उठून पाहतो तो आई आधीच बाहेर. वयाची ऐंशी उलटलेली, गुडघे धरलेले, पण ती दार उघडून भिंत आणि कुंपण यांच्यामधल्या त्या पट्टीत उभी होती. भिंत पडली तर तिथेच पडेल हे मी तिला सांगितले नाही. हात धरून रस्त्यावर नेले. शेजारीही आले होते. अर्ध्या तासाने सगळे आत गेले, ती गेली नाही.

‘तू त्या रिंगा वाकवून घेतल्या होत्यास ना?’ तिने विचारले. बांधकामाच्या काळातला तो वाद तिने ऐकला होता.

‘घेतल्या होत्या,’ मी म्हणालो.

‘सगळ्या?’

पुढचे चार कॉलम तिच्या खोलीचे आहेत. मी तिला म्हणालो, चल, चहा टाकतो. दुसऱ्या दिवसापासून तिचा पलंग आम्ही मागच्या खोलीत हलवला. तिकडे ऊन कमी येते, असे कारण तिला सांगितले.