तुंब्यातले वंगण

वाचकहो, आपणांपैकी फारच थोड्यांच्या दारात नौका उभी असेल. आणि ती रस्त्याने वाहून नेणारा दोन चाकांचा गाडा, ज्यास सर्वत्र ट्रेलर म्हणतात, तो तर त्याहूनही थोड्यांनी हाताळला असेल. तरीही आज मी त्या गाड्याच्या चाकांविषयी लिहिणार आहे. जी वस्तू वर्षातून थोडे दिवस वापरली जाते आणि एरवी उभी असते, ती झिजत नाही, असा आपणां सर्वांचाच समज असतो. तो किती महाग पडतो, हे आमच्या कुटुंबाने या चाकांपायी पाहिले आहे.

माझी थोरली बहीण मालवणास असते. भावोजी आपल्या फायबरच्या लहान नौकेतून पर्यटकांना फिरवतात. पावसाळ्यापूर्वी नौका पाण्याबाहेर काढून शाकारावयाची आणि हंगाम उघडला की ट्रेलरवरून पुन्हा किनाऱ्यास न्यावयाची, हा त्यांचा नेम. ट्रेलर जुना विकत घेतलेला; विकणाऱ्याने ‘बेअरिंगे नवी आहेत’ असे छातीठोकपणे सांगितले होते. २०२३ च्या ऑक्टोबरात, रंगकाम झालेली नौका परत आणताना, उतारावर डावे चाक निखळले आणि शाळेतून परतणाऱ्या मुलांच्या अगदी जवळून घरंगळत शेतात गेले. मुले बचावली. नौकेचा तळ मात्र फुटला आणि ऐन दिवाळीच्या सुट्टीतील उत्पन्न गेले. ताई त्या पैशांविषयी कधी बोलत नाही. त्या मुलांविषयी मात्र आजही बोलते.

चाक असे का निखळावे? चाकाच्या मध्यभागास आपल्याकडे तुंबा म्हणतात. ट्रेलरच्या तुंब्यात बहुधा दोन बेअरिंगे असतात, आत एक व बाहेर एक. भाषांतराच्या कामात मला बेअरिंगसाठी ‘धारवा’ हा शब्द भेटला. भार धारण करणारा तो धारवा. गॅरेजात हा शब्द कोणी उच्चारत नाही, पण वस्तूचे काम तो नेमके सांगतो. या बेअरिंगांतील रोलर एका टोकास निमुळते असतात. अमेरिकेत हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली अशा बेअरिंगाचे पेटंट मिळवले. वरून येणारा भार आणि वळणावर बाजूने येणारा रेटा, दोन्ही ते पेलते. पण त्यासाठी रोलरांभोवती स्वच्छ ग्रीस हवे.

नौकेच्या गाड्याचे दुर्दैव असे, की तो रस्त्यावरून येतो तो थेट पाण्यात शिरतो. धावून तुंबा तापलेला असतो. तो एकाएकी थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकसते आणि रबरी सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. तेही खारे पाणी! ग्रीस दुधाळ होते आणि त्याचे रक्षक गुण जातात. पुढे चार महिने गाडा छपराखाली विसावा घेतो, तेव्हा आत रोलरांवर गंज चढत असतो. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून तुंबा हंगाम उघडताना नव्हे, तर गाडा ठेवण्यापूर्वीच उघडला पाहिजे. आमच्या घरी हे काम आता ताईच करते.

२०२५ च्या मे महिन्यात मी रजेवर मालवणास गेले असता तिच्या हाताखाली हे काम केले. दुसऱ्या चाकास दगडांची उटी लावून तिने एक चाक जॅकने उचलले आणि आसाखाली भक्कम आधार दिला. केवळ जॅकवर विसंबायचे नाही. टोपी, पिन, नट व वॉशर निघाल्यावर बाहेरचे बेअरिंग अलगद हातात आले. आतले, सील उचकटल्यावर. डाव्या चाकाचे भाग एका जुन्या ताटलीत, उजव्याचे दुसरीत. अंगणात, चुलीपासून दूर, तिने सारे रॉकेलने धुतले, कोरडे केले आणि उजेडात धरून न्याहाळले. “अगं, हा बघ डाग. नखाला लागतो का ते पाहा.” नखाला खळगा लागला, किंवा तापून धातू निळसर झाला असला, तर रोलर व त्यांची बाहेरची कडी दोन्ही बदलावी लागतात.

मग तळहातावर पाण्यास दाद न देणारे ग्रीस घेऊन, बेअरिंगाची रुंद कड त्यात दाबत राहायचे. वरून रोलरांमधून ग्रीस बाहेर डोकावू लागले म्हणजे ते भरले. जुन्या ग्रीसात निराळ्या जातीचे ग्रीस मिसळायचे नाही. सील नवे, पिनही नवी. नट आवळताना चाक हाताने फिरवत राहायचे, मग नट किंचित सैल करून बोटांनी बसवायचा. फार घट्ट झाला तर बेअरिंग तापते, फार सैल राहिला तर चाक डुलते.

हंगामातही तिचे दोन नियम आहेत. गाडा पाण्याशी पोहोचला की तुंबे निवेपर्यंत थांबायचे आणि नंतर चाके गोड्या पाण्याने धुवायची. काम केल्यानंतरच्या पहिल्या प्रवासात दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून तुंब्याला हात लावायचा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर पुढे जायचे नाही.

वाचकहो, दोन चाकांस आमची एक सकाळ लागली. सील, पिना व ग्रीस यांचा खर्च नौकेच्या तळाच्या दुरुस्तीपुढे नगण्य होता. आपल्या घरी ट्रेलर नसेलही; परंतु मुलांची सायकल किंवा शेतावरची गाडी असेल. पावसाळ्यासाठी ती आडोशाला लावण्यापूर्वी चाक उचलून एकदा हाताने फिरवून पाहा. ते खरखरले किंवा डुलले, तर त्याच आठवड्यात उघडवून घ्या.