गेंदाचं पांढरं

सप्टेंबर लागला की साताऱ्याच्या पश्चिमेला, कासच्या पठारावर, छायाचित्रणाच्या फिरत्या कार्यशाळांची वर्दळ सुरू होते. जांभ्याच्या कातळावर मातीचा थर जेमतेम, पण पावसानं भिजलेल्या तेवढ्याशा थरातून फुलांच्या रंगांचा पूर येतो. पाणी साचलेल्या खळग्यांत सीतेच्या आसवांची निळी-जांभळी दाटी, थोडं वर तेरड्याचा गुलाबी पसारा, आणि मधूनच गेंदाचे पांढरेशुभ्र ताटवे. २०१२ साली पश्चिम घाटाची जी ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत हे पठारही आहे. इथे आलेल्या मंडळींना कार्यशाळेत ज्या सूचना मिळतात, त्या बहुतेक सगळ्या उपयोगाच्या असतात. ऊन चढायच्या आत पोहोचा. उभ्यानं खाली पाहून फोटो काढू नका, गुडघे टेका आणि फुलाच्या उंचीला या. वारा असेल तर शटर वेगानं मिटू द्या, नाहीतर दोन झुळकांमधली उसंत गाठा. या सूचनांबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्या सगळ्यांच्या आधी यायला हवी अशी एक गोष्ट बहुधा शेवटी, घाईघाईनं सांगितली जाते: समोरचं दृश्य किती उजळ आणि किती गडद दिसायला हवं, हे कॅमेऱ्याला कळत नाही. ते आपण ठरवायचं असतं.

गेंदाकडे जवळून पाहा. ओल्या गवतातून सरळ वर आलेली बारीक काडी, तिच्या टोकाला शर्टाच्या गुंडीएवढा पांढरा गोंडा, आणि त्या गोंड्यात दाटीवाटीनं बसलेली कितीतरी इवली फुलं. ढगाळ उजेडात त्या पांढऱ्यातही छटा असतात, गोलाईच्या कडेला किंचित निळसर सावली असते. अशा ताटव्यानं चौकट भरली आणि कॅमेऱ्यावर सारं सोपवून बटण दाबलं, तर फोटोत येतो तो मळकट करडा रंग. यात कॅमेऱ्याचा बिघाड नाही. त्यातला मीटर वस्तूवरून परत येणारा उजेड मोजतो आणि समोर जे काही आहे ते सरासरी मध्यम करड्या तोलाचं आहे असं धरून चालतो. पांढरं जास्त दिसलं की उजेड फार झाला असं समजून तो चित्र काळवंडतो. पावसानं काळपट झालेला जांभा चौकटभर असेल, तर उजेड कमी पडला असं समजून तो कातळाला राखेचा रंग देतो. धुक्याचंही तेच होतं. पठारावर उतरलेलं उजळ, दुधी धुकं फोटोत संध्याकाळच्या धुरासारखं दिसतं. हल्लीचे कॅमेरे दृश्याचे भाग पाडून, ओळखीच्या नमुन्यांशी ताडून हिशेब बराच सुधारतात, पण हे फूल मुळातच पांढरं आहे ही माहिती उजेडाच्या मोजमापात कुठेच नसते. ती फक्त पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असते. म्हणून अधिक-उणेचं ते छोटं बटण, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं, मला साऱ्या साधनांत सगळ्यात मोलाचं वाटतं. गेंदासाठी ते एक स्टॉप अधिककडे न्यायचं, म्हणजे उजेड दुप्पट. कधी त्याहून जरासा जास्त.

अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी फ्रेड आर्चर यांच्या साथीनं १९४०च्या सुमारास झोन सिस्टिम मांडली, तिचा गाभा हाच होता. शुद्ध काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा पायऱ्या. मीटर जे दाखवेल ते आपोआप पाचव्या पायरीवर बसतं. तिथून ते वर न्यायचं की खाली, हे आधी मनाशी ठरवायचं. १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळ चंद्रोदयाचं त्यांचं विख्यात छायाचित्र निघालं, तेव्हा मीटर ऐनवेळी सापडेना आणि थडग्यांच्या पांढऱ्या क्रुसांवरचं ऊन निघून चाललं होतं. चंद्राची उजळी किती असते हे त्यांना पाठ होतं. त्या आकड्यावरून चंद्र कोणत्या पायरीवर ठेवायचा हे ठरवून त्यांनी शटर उघडलं, आणि दुसरा फोटो घेण्याआधी उजेड गेला. ही गोष्ट एरवी त्यांच्या स्मरणशक्तीचं कौतुक म्हणून सांगतात. मला तिच्यात महत्त्वाचा वाटतो तो निर्णय. चंद्र कसा दिसावा हे आधी ठरलं होतं म्हणून पाठ असलेला आकडा कामाला आला.

यावर जाणकार म्हणतील, हे सगळं फिल्मच्या काळातलं. आता रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, हाताशी असते, घरी येऊन उजेड वाढवता येतो. वाढवता येतो हे खरं. पण सेन्सरचा हिशेब सरळ गुणोत्तराचा असतो: १४ बिटच्या फाइलमधल्या १६,३८४ पातळ्यांपैकी निम्म्या एकट्या सगळ्यात उजळ स्टॉपमध्ये जातात, आणि अंधाराच्या वाट्याला मोजक्याच येतात. अंधारात टिपलेला गेंद मागाहून उजळला की त्या निळसर सावलीत दाणे उमटतात. उलट, उजेड मर्यादेबाहेर गेला तर पाकळीचा पोत कायमचा जातो, कुठल्याही सॉफ्टवेअरला तो परत आणता येत नाही. तेरड्याच्या बाबतीत हे आणखी फसवं असतं. एकत्रित हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाच्या पातळ्यांचा आलेख, ठीक दिसतो, पण लाल रंगाची पट्टी केव्हाच उजव्या भिंतीला टेकलेली असते आणि फूल सपाट गुलाबी डागासारखं येतं. म्हणून तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगळे पाहावेत, असा माझा आग्रह आहे. रॉ फाइलमुळे चूक थोडी पोटात घातली जाते. काय उजळ हवं होतं हे मात्र ती सांगू शकत नाही.

दुसरा आक्षेप मोबाइलवाल्यांचा, आणि तो जास्त वजनदार आहे, कारण आज पठारावर सर्वांत जास्त फोटो मोबाइलवरच निघतात. मोबाइल अनेक चौकटी क्षणात टिपून एकत्र करतो. आकाशही दिसतं, सावलीही दिसते. तरी त्याची आवड ठरलेली आहे: सगळं काही स्पष्ट, सगळं मध्यम. धुक्यातही तो कडा शोधून काढतो आणि धुक्याचं धुकेपण पुसून टाकतो. यावरचा उपायही त्याच्या पडद्यावरच आहे. बहुतेक फोनमध्ये फुलावर बोट टेकवलं की शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते वर-खाली सरकवलं की उजेड वाढतो नाहीतर कमी होतो. महागड्या कॅमेऱ्याचं अधिक-उणेचं बटण हेच. त्यामुळे साधन कोणतं हा प्रश्न इथे गौण ठरतो.

राहिला आयोजकांचा आक्षेप. दोन दिवसांत कास, बामणोली, ठोसेघर सारं दाखवायचं असतं, एका ताटव्यापाशी तासभर कसं बसवणार? मला वाटतं, बसवावंच. कासला पायवाट सोडून फुलांत शिरायचं नसतं, आणि ते योग्यच आहे. पायाखाली गेलेला तेरडा पुन्हा उभा राहत नाही. हवी ती जागा गाठता येणार नाही म्हटल्यावर पायवाटेवर उभ्या असलेल्याच्या हाती प्रामुख्यानं उजेडच उरतो. ढग सरकताना एकाच गेंदाचे तीन फोटो काढावेत: बटण शून्यावर, मग दोन तृतीयांश अधिक, मग सव्वा स्टॉपच्या आसपास. फोटो लगेच फुलाशेजारी धरून पाहावेत, कारण रात्री मुक्कामाच्या खोलीत ते पांढरं नेमकं कसं होतं हे कुणाला आठवणार? मग दुसऱ्या दिवशी ठोसेघरच्या धबधब्याला जावं. तिथे ओला काळा कडा अफाट आणि पाण्याची पांढरी धार अरुंद, त्यामुळे मीटर उलट्या बाजूला चुकतो आणि धार पांढरीफटक होऊन जाते. बटण आता उणेकडे न्यावं लागतं. तिथे तोंडानं काही न सांगता, किती जणांची बोटं आपसूक उणेकडे जातात, एवढंच आयोजकांनी पाहावं.