आपले आडनाव आले कोठून?

परगावी खोली भाड्याने पाहायला गेले की घरमालक आधी नाव विचारतो. आपण ‘सिद्धार्थ’ असे सांगितले तरी त्याचे समाधान होत नाही. “पूर्ण नाव?” असे तो पुन्हा विचारतो. आडनाव कळले की “मूळ गाव कोणते?” आणि तेवढ्यानेही उमगले नाही तर “म्हणजे तुम्ही कोणते जाधव?” भाड्याचे आणि पाण्याचे बोलणे त्यानंतर निघते, निघाले तर!

वाचक बंधू-भगिनींनो, हा अनुभव नसलेले घर आपल्या समाजात शोधून सापडायचे नाही. म्हणूनच चिखलीकडची आपली पोरे पुण्या-मुंबईला नोकरीला लागली की काहींच्या मनात आडनाव बदलण्याचा विचार येतो. मी कारकून माणूस. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, दाखले यांतच माझी हयात चालली आहे. त्यामुळे अशी मुले माझ्याकडे येतात. मागे वस्तीतलाच एक मुलगा आला. “काका, गॅझेटचा फॉर्म भरून द्या. ऐकणाऱ्याला काही कळू नये असे आडनाव सुचवा,” म्हणाला. मी त्याला एवढेच विचारले, “आताचे आडनाव कोठून आले ते ठाऊक आहे का?” तो गप्प बसला. सोबत आलेल्या त्याच्या वडिलांनाही सांगता आले नाही.

त्या दोघांना जे सांगितले तेच इथे मांडतो.

आडनाव ही आपण समजतो तेवढी जुनी वस्तू नाही. आपल्या वऱ्हाडात जन्म-मृत्यूची जुनी नोंद कोतवाल बुकात सापडते. तिथे आपल्या पूर्वजांची ओळख बहुधा ‘अमका वल्द तमका, जात महार’ एवढीच असते. स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि जात, संपले. कोरेगावच्या विजयस्तंभावर 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्या वीरांची नावे कोरली आहेत. त्यांतली आपल्या माणसांची नावे शेवटच्या ‘नाक’ या अक्षरांवरून ओळखू येतात. पुढे शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, पलटण, कोर्टकचेरी यांनी आडनावाचा रकाना मांडला आणि तो भरावा लागला. कोणी कुळाचे नाव घातले, कोणी गावाचे, कोणी धंद्याचे.

धंद्याचे उदाहरण महात्मा फुल्यांचे. त्यांचे घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांकडे फुले पुरवण्याचे काम घरात आले आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. कुळाच्या नावाचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. सिंदखेडराजाच्या लखुजी जाधवांचे कूळ देवगिरीच्या यादवांपर्यंत नेऊन जोडतात. त्यांची कन्या जिजाऊ. आज जाधव मराठ्यांत आहेत, बंजारा समाजात आहेत आणि आपल्या वस्तीतही आहेत. पवार, मोरे, शिंदे, गायकवाड यांचेही तसेच. एकच आडनाव इतक्या जातींत नांदते, तर मग आडनावात जात बसली आहे कुठे? ती विचारणाऱ्याच्या मनात बसली आहे. म्हणून तर तो “कोणते जाधव?” असे विचारतो.

आता गावावरून पडलेली आडनावे पाहा. गावात राहणाऱ्याला गावाचे नाव लागत नाही. चिखलीत कोणी कोणाला चिखलीकर म्हणत नाही. चिखली सोडून जो दुसरीकडे जातो तो चिखलीकर होतो. ‘कर’ हे शेपूट गाव सोडणाऱ्याचे आहे. वानखेडे हे आडनाव ऐकले की मला संग्रामपूर तालुक्यातले वानखेड आठवते ते यामुळेच.

बाबासाहेबांचे कूळ सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील रामजी सुभेदार पलटणीतले, त्यामुळे बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महूला झाला. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात त्यांचे नाव दाखल झाले. रजिस्टरात नोंद आहे, ‘भिवा रामजी आंबेडकर’. ते रजिस्टर शाळेने आजही जपले आहे आणि 2017 पासून महाराष्ट्र शासन 7 नोव्हेंबर हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळते. विचार करा, गावगाड्याने ज्या माणसांना वेशीबाहेर ठेवले, त्यांच्याच पोराने त्या छोट्या गावाचे नाव कोलंबिया विद्यापीठात नेले, लंडनला नेले आणि घटना समितीत नेले. आडनाव मोठे होते म्हणून बाबासाहेब मोठे झाले नाहीत. त्यांच्यामुळे आडनाव मोठे झाले.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव निंदादर्शक असावे असे सांगितले आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत दगडू, धोंडू, कचरू ही नावे घरोघर होती. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जळाली, 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतरच्या पिढीत त्याच घरांतून सिद्धार्थ, मिलिंद, राहुल, सुजाता, प्रज्ञा, करुणा जन्माला आल्या. कचरूचा नातू सिद्धार्थ झाला! नाव बदलले, आडनाव मात्र राहिले. म्हणून आपल्या पूर्ण नावात आपला सगळा इतिहास वाचता येतो. पहिला शब्द धम्माचा, दुसरा बापाच्या कष्टाचा आणि तिसरा ज्या मातीतून आपण उठलो त्या मातीचा.

जगातही हा प्रश्न आहे. इटलीतील नेपल्स शहरात टाकून दिलेली तान्ही मुले अनाथालयाच्या भिंतीतील फिरत्या चाकात ठेवली जात. अशा मुलांना ‘एस्पोझिटो’ हे आडनाव मिळे. अर्थ, बाहेर टाकलेला. आज नेपल्स भागात ते अगदी सर्वसाधारण आडनाव आहे, कोणी त्याची लाज बाळगत नाही. अमेरिकेत माल्कम लिटल या काळ्या तरुणाने उलट वाट धरली. ‘लिटल’ हे नाव गुलामांच्या मालकाचे म्हणून त्याने टाकून दिले आणि तो माल्कम एक्स झाला. आपल्या पूर्वजांचे खरे नाव हिरावले गेले, ते अज्ञात आहे, हे त्या ‘एक्स’ने जगाला सांगितले. तमिळनाडूत 1929 साली चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेत पेरियारांच्या अनुयायांनी नावापुढची जातिवाचक उपपदे सोडण्याचा ठराव केला. यांपैकी कोणीच लपण्यासाठी नाव टाकले नाही. टाकले ते उघडपणे, मान ताठ ठेवून टाकले.

लपण्यात व्यवहाराचा तोटाही आहे, तो कारकून म्हणून सांगतो. अनुसूचित जातीच्या जात पडताळणीला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो. तो आजा-पणजाच्या शाळेच्या दाखल्यात नाहीतर कोतवाल बुकाच्या नकलेत असतो. एका भावाने आडनाव बदलले, दुसऱ्याने ठेवले, आत्याच्या दाखल्यावर तिसरेच, की वंशावळ जुळवता जुळवता घरातल्या मुलीचा प्रवेश अडकतो. बदलायचेच असेल तर बदला, कायद्याने तो हक्क आहे. पण राजपत्राची प्रत जपून ठेवा आणि जुने कागद फाडू नका. त्या मुलाच्या बहिणीचे पडताळणीचे प्रकरण तेव्हा चालू होते. हे ऐकल्यावर त्याने फॉर्म घडी करून खिशात ठेवला आणि आजीकडे चौकशीला गेला. पुढे काय करायचे ते तो ठरवील. पण आता ठरवील तो माहितीने ठरवील, भीतीने नाही.

आपल्या वऱ्हाडातल्या वस्त्यावस्त्यांत गवई आडनावाची घरे आहेत. 2025 मध्ये अमरावतीचे भूषण गवई देशाचे सरन्यायाधीश झाले. आडनाव तेच, खुर्ची सर्वोच्च न्यायालयाची.

आणखी एक. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम शासनाने लावला आहे. जिने मोलमजुरी करून मुलांना शाळेत धाडले, ती माय या नियमाने कागदावर आली. मात्र तिच्या माहेरच्या आडनावाला रकाना नाही, ते आपणच लिहून ठेवले पाहिजे.

तेव्हा माता-भगिनींनो, येत्या रविवारी विहारात वंदना झाली की घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. मूळ गाव कोणते, ते कधी सुटले, का सुटले, आजीचे माहेर कुठले, हे विचारा. पाच पिढ्या नसतील मिळत, तीन तरी लिहा. वहीवर तारीख घाला आणि मुलांच्या दाखल्यांच्या पिशवीत ठेवा. म्हातारी माणसे गेली की त्यांच्यासोबत हे सगळे जाते, आणि ते परत मिळेल असे कोणतेच कार्यालय नाही.

जय भीम!