पेरू देशाची वजडी, अनसिंगची भाकर

आम्ही दोघी जावा. अनसिंगला एकाच चुलीवर आमची बावीस वर्षे गेली. सोयाबीनच्या सोंगणीवरून आलो की एकीने भाकरी थापायच्या, दुसरीने भाजी फोडणीला टाकायची. आठवडी बाजारादिवशी मात्र ठरलेले असते, बकऱ्याची वजडी. मटण महाग, वजडीत सगळ्या घराचे भागते.

आमची लेक पुण्याला हॉटेलचे शिक्षण घेते. पहिल्या वर्षी जाताना आम्ही तिला डब्यात वजडी परतून दिली होती. पुढच्या सुटीत ती आली तेव्हा चुलीवर वजडीच होती. म्हणाली, "मले वरणच द्या." खोदून विचारले तेव्हा कळले. खोलीतल्या मुलींनी नाकाला रुमाल लावला होता आणि तिने तो डबा रात्री गुपचूप फेकून दिला होता.

आम्ही तिला काही बोललो नाही. बोलणार कोणत्या तोंडाने? घरी नोकरीवाले पाहुणे आले की आम्हीही वजडीचे पातेले मागल्या खोलीत सरकवतोच की!

मग एके दिवशी तिचाच फोन आला. "काकू, पेरूत आपल्यावानीच वजडी करतात!"

"पेरूत तं बिया असतात बापा," आम्ही म्हटले. तेव्हा तिने सांगितले की पेरू हा दक्षिण अमेरिकेतला देश आहे. लिमा ही त्याची राजधानी. तिथे वजडी आणि बटाट्याचा एक पदार्थ घरोघरी होतो, नाव 'काऊ काऊ'. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी तो रुजवला, असे तिथे सांगतात. चांगले मांस मालकाच्या ताटात जाई; आतडी, पोट, काळीज यांच्या वाट्याला येई. त्यांनी त्यालाच मिरची-मसाला लावून चव आणली. पेरूत गुलामी 1854 साली संपली. आज हृदयाचे तुकडे काडीला टोचून निखाऱ्यावर भाजतात, त्याला 'अँतिकुचो' म्हणतात, आणि लिमाच्या रस्त्यावर सगळ्या थरांतले लोक ते उभ्याने खातात.

हे ऐकून आम्हाला आमच्या आजेसासूबाई आठवल्या. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळे तुकडे मागू नका, असे सांगितले. आपल्या लोकांनी ते सोडले, आणि ते योग्यच झाले. पण स्वतःच्या कमाईच्या पैशाने बाजारातून आणलेली ताजी वजडी लपवायला बाबासाहेबांनी कुठे सांगितले? शाहू पाटोळे यांनी तर 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात आपल्या अशा जेवणाची कृतीसकट नोंद करून ठेवली आहे.

तेव्हा भगिनींनो, आम्ही काऊ काऊ केलीच. पेरूत ती गाईच्या पोटाची करतात, आम्ही बकऱ्याची घेतली. अर्धा किलो वजडी गरम पाण्यात टाकून खरवडा. मीठ-लिंबू चोळून तीन-चार पाण्यांत धुवा. मीठ-हळद घालून कुकरमध्ये मऊ शिजवा आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. तेलात कांदा, दहा पाकळ्या लसूण आणि वाटलेली हिरवी मिरची परता. तिकडची पिवळी मिरची इथे मिळत नाही, हळदीने रंग भागतो. तेही पिवळा रंग आणतातच. वजडी आणि तीन बटाट्यांच्या लहान फोडी टाका, बटाटा शिजला की मूठभर पुदिना. ते भातासोबत खातात, आम्ही ज्वारीच्या भाकरीसोबत खाल्ली. पुदिन्याने वजडीचा उग्र वास बराच कमी होतो, हे आम्ही नव्याने शिकलो.

बटाटा तर मूळचा त्यांचाच. पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरांत हजारो वर्षांपूर्वी तो लागवडीला आला. मिरचीही अमेरिका खंडातूनच आली, आणि भुईमूग दक्षिण अमेरिकेतून आला. म्हणजे आपला शेंगदाण्याचा ठेचा त्यांना परका वाटू नये!

वर्षावासात ज्या घरी मांस करत नाहीत, त्यांच्यासाठी 'ओकोपा' आहे. मूठभर भाजलेले शेंगदाणे, परतलेला कांदा, लसूण, मिरची, थोडे पनीर आणि दूध घालून दाटसर वाटा. ते एक रानपाला घालतात, आम्ही कोथिंबीर-पुदिना घातला. हे वाटण उकडलेल्या बटाट्याच्या चकत्यांवर ओता. अंडे खात असाल तर उकडून वर ठेवा.

एक मात्र करू नका. ते समुद्राचा ताजा मासा कच्चाच लिंबाच्या रसात मुरवून खातात. आपल्याकडे येतो तो तलावाचा नाहीतर नदीचा मासा. त्यात जंत असू शकतात आणि ते लिंबाने मरत नाहीत. मासा आधी शिजवा, मग लिंबू, कांदा, मिरची लावा. चव पुष्कळशी तीच येते.

या खेपेला जाताना लेकीने आपणहून डबा मागितला. मुलींना सांगणार आहे म्हणाली, काय आहे ते. त्यांनी खाल्ले की नाही, ते आम्ही विचारले नाही. परवा पाहुणे आले तेव्हा आमचे पातेलेही चुलीजवळच राहिले.

तुम्हाला प्रवासाला द्यायची असेल तर बटाटा घालू नका, लवकर आंबते. पाणी पूर्ण आटवून कोरडी परता, गार झाल्यावरच डब्याला झाकण लावा, आणि पोहोचल्या पोहोचल्या संपवायला सांगा.