मलिद्याच्या ताटातली कादंबरी

पनवेलचं बेथ एल सिनेगॉग 1849 सालचं. तरीही इथल्या किशोर वाचकाने ज्यू गूढकथा मागितली, तर त्याच्या हाती प्रागच्या गोलेमची, मातीच्या पुतळ्यात प्राण फुंकणाऱ्या रब्बीची गोष्ट पडते. कथा थोरच आहे. पण अलिबागजवळच्या खंडाळ्याची कुणी सांगत नाही. अग्निरथातून स्वर्गात गेलेला प्रेषित एलियाहू हन्नबी इथे उतरला, अशी कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंची श्रद्धा. कातळावरच्या खुणा त्याच्या रथाच्या आणि घोड्याच्या टापांच्या मानतात. त्याला नवस बोलतात, आणि फेडताना मलिदा करतात: ताटात भिजवलेल्या पोह्यांची रास, त्यात गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं, आणि त्यावर हिब्रू प्रार्थना.

हा नवसाचा लोकाचार झाला, कब्बाला ही ज्यू गूढविद्या म्हणजे जोहरसारखे ग्रंथ, असा आक्षेप जाणकार घेतील. मलिद्यावर शेजारच्या हिंदू-मुस्लिम चालीरीतींची छाप आहे, हे खरंच. पण गॅलिलीतल्या सफेद गावच्या कब्बाला परंपरेतून पुढे आलेल्या तू बिश्वात या झाडांच्या सणाच्या विधीतही ठरलेल्या क्रमाने फळंच खातात, आणि सफेदच्या आयझॅक लुरियाला गूढ ज्ञान एलियाहूनेच दिलं, अशी आख्यायिका आहे. तू बिश्वातलाच बेने इस्राएल कुटुंबं खंडाळ्याला जातात. मग सफेदचं फळ गूढ आणि खंडाळ्याचं भाबडं कसं? ग्रंथांचंही आपल्याकडे वावडं नव्हतं. 1880च्या दशकात ए. डी. इझिकेल यांनी जोहरमधल्या एका भागाचा अरबी अनुवाद पुण्यात छापला आणि सनातनी ज्यूंचा रोष ओढवून घेतला. किशोर कादंबरीला याहून चांगला विषय कोणता?

बेने इस्राएल समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले, आता वाचणार कोण, हा दुसरा आक्षेप. आयझॅक बशेविस सिंगर यांनी मुलांसाठी गोष्टी लिहिल्या त्या यिडिशमध्ये, जिचे लाखो बोलणारे नाझी संहारात मारले गेले होते. त्या भाषांतरातून जगभर पोचल्या. मराठीला तर कोट्यवधी वाचक आहेत, आणि वाटही मळलेली आहे: 1880च्या सुमारास बेने इस्राएलांनी बायबलमधली आख्यानं मराठी कीर्तनात सांगायला सुरुवात केली, पदं रचली, पुस्तिका छापल्या. प्रकाशकांनी त्या जुन्या पुस्तिका पुन्हा छापाव्यात, आणि पनवेल-अलिबागच्या एखाद्या लिहित्या हाताने खंडाळ्याच्या कातळावरची कादंबरी आता लिहायला घ्यावी.