ते दोघं शेवटी जिवंत राहतात

लेखकांना कुठल्याही कार्यक्रमात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘सध्या काय वाचताय?’ काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मलाही तो विचारला गेला. मी क्षणाचाही विचार न करता एका नोबेलविजेत्या लेखकाचं नाव घेतलं. ते पुस्तक घरी होतं, पण चाळिसाव्या पानावर खूण घालून तीन महिने पडलेलं. खरं उत्तर माझ्या पर्समध्ये किंडलवर होतं. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमधल्या दोन पुरुषांची प्रेमकथा, ६३ टक्के वाचून झालेली. चहापान कधी संपतंय आणि परतीच्या बसमध्ये पुढचं कधी वाचायला मिळतंय, याकडेच माझं अर्धं लक्ष होतं.

मी खोटं का बोलले, याचा विचार बसमध्ये केला. पुस्तकातली माणसं गे आहेत याची लाज नव्हती. जेम्स बाल्डविनचं ‘जोव्हानीज रूम’ वाचत असते तर अभिमानानं सांगितलं असतं. लाज होती ती रोमान्सची. म्हणजे दोन पुरुषांनी एकमेकांवर प्रेम करावं आणि मग त्यांतल्या एकानं फासावर जावं, वेडं व्हावं, नदीत उडी घ्यावी, तर ते साहित्य. आणि त्यांनी भांडून, समजूत काढून सुखानं एकत्र राहावं, तर ते पुस्तक पर्समध्ये लपवायचं. हा हिशोब काही बरोबर नव्हता.

ही लाज तशी जुनीच. आमच्या गावातल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या खाकी कव्हर घालून ठेवलेल्या असत, आणि ‘आईसाठी नेतेय’ असं सांगून मी त्या नेत असे. काकोडकरांवर एका कथेसाठी अश्लीलतेचा खटला झाला होता आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष ठरवलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या घरात मात्र त्यांची निर्दोष मुक्तता कधीच झाली नाही. मराठीत एम. ए. करताना मीही त्यांना गुपचूप मागे टाकलं.

२०२० च्या टाळेबंदीत माझी तिसरी कादंबरी अडली होती आणि झोप उडाली होती. परदेशातल्या भाचीनं केसी मॅक्विस्टनचं ‘रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू’ पाठवलं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा मुलगा आणि इंग्लंडचा राजपुत्र यांचं प्रेम. कथानक ऐकून मी हसले आणि पहाटे साडेचारला पुस्तक संपवून खाली ठेवलं. तिथून के. जे. चार्ल्सपर्यंत पोचले आणि मग थांबलेच नाही.

चार्ल्सबाईंच्या ‘अ सेडिशस अफेअर’बद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पर्समधलं पुस्तक तेच होतं. साल १८१९. सायलस हा जहाल विचारांचा पुस्तकविक्रेता, सरकारविरोधी पत्रकं छापणारा. डॉमिनिक हा गृहखात्यातला उमराव, अशी पत्रकं छापणाऱ्यांना पकडणं हे त्याचं काम. दोघं दर बुधवारी एका ठरलेल्या जागी भेटतात. एकमेकांचा धंदा काय हे माहीत नसतं. शरीराची भूक भागली की वाइन पितात आणि पुस्तकांबद्दल वाद घालतात. मग एक दिवस दुकानावर छापा पडतो आणि समोर उभा असतो बुधवारचा माणूस. पीटरलूचं हत्याकांड, केटो स्ट्रीटचा कट हा सगळा खरा इतिहास या दोघांच्या मधून जातो. आणि कट फसला नाही तरी फाशीची भीती आहेच, कारण इंग्लंडमध्ये १८६१ पर्यंत पुरुषांमधल्या संबंधांना देहदंड होता. १८३५ साली त्यासाठी शेवटचे दोघं फासावर गेले.

आता गंमत अशी की, रोमान्सच्या वाचकाला शेवट आधीच ठाऊक असतो. दोघं एकत्र येणार, हा या प्रकाराचा करारच आहे. म्हणजे ‘पुढे काय होणार’ हे कादंबरीकाराचं सगळ्यात हुकमी हत्यार पहिल्याच पानावर काढून घेतलेलं. उरतं ते ‘कसं’. कीर्तनाला बसलेल्यांना आख्यान पाठ असतं, तरी माणसं डोळे पुसतात, तसंच हे. मारणारा कायदा, न पटणारं राजकारण, वर्गाची दरी, हे सगळं जागच्या जागी ठेवून या दोघांना सुखी करायचं, तेही वाचकाला फसवल्यासारखं न वाटता. कुणाच्या घरी कोण कोणत्या नात्यानं राहील, कोणत्या नोकरावर विश्वास टाकायचा, जगाला काय सांगायचं, याची वीट न् वीट रचावी लागते. मी वीस वर्षं लिहितेय. हे अवघड काम आहे.

सुखान्ताचा हट्ट काही आजकालच्या बाजारातून आलेला नाही. ई. एम. फॉर्स्टरनं ‘मॉरिस’ १९१३-१४ मध्ये लिहिली. शेवट सुखाचाच हवा, हे त्यानं ठरवून टाकलं होतं, आणि नेमका तोच शेवट प्रकाशनाच्या आड येतो हेही त्याला कळत होतं. नायकाला गळफास लावून घ्यायला लावला असता तर पुस्तकाची वाट सोपी झाली असती. हस्तलिखित मित्रांमध्ये फिरत राहिलं. त्यातल्या लिटन स्ट्रेचीला हे जोडपं टिकेल असं वाटेना. दरम्यान फॉर्स्टर देवासच्या पवारांच्या मराठी दरबारात महाराजांचा सचिव म्हणून राहून गेला, ‘अ पॅसेज टू इंडिया’ लिहून मोठा झाला, म्हातारा झाला. १९७० साली तो वारला आणि पुढच्या वर्षी ‘मॉरिस’ छापून आली. दोन माणसं सुखी होतात एवढ्या गोष्टीसाठी सत्तावन्न वर्षं पुस्तक बंद राहिलं.

हे वाचताना मला माझं दुसरं पुस्तक आठवत होतं. त्यात तालुक्याच्या गावी बँकेत काम करणारा एक तरुण आहे. त्याचं सहकाऱ्यावर प्रेम बसतं आणि शेवटच्या प्रकरणात तो घाटावरून नदीत उतरतो, परत येत नाही. समीक्षकांनी या शेवटाला ‘अपरिहार्य’ म्हटलं. मी ते कात्रण जपून ठेवलं. मग एका वाचकाचं पत्र आलं. वय बावीस-तेवीस असावं. त्यानं लिहिलं होतं, ‘मॅडम, शेवटी काय होतं ते मला मित्रानं सांगितलं. म्हणून मी एकशे नव्वदाव्या पानावर थांबलो. तिथपर्यंत तो जिवंत आहे.’

मी त्याला दोन पानी उत्तर पाठवलं होतं. समाजवास्तव, कलेची निष्ठा, असं बरंच काही. आज ते उत्तर माझ्याकडे नाही याचं बरं वाटतं.

मध्यंतरी त्या कादंबरीच्या टिपणवह्या काढल्या. पहिल्याच वहीत, तिसऱ्या पानावर, ‘शेवटी आत्महत्या’ असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या होत्या. त्याचं आडनाव, नोकरी, आई, आवडीची भाजी हे सगळं नंतर आलं. म्हणजे त्याचं मरण त्याच्या आयुष्यातून आलेलं नव्हतंच. गंभीर कादंबरीत अशा माणसाचं हेच होतं, हे मी वाचून वाचून शिकले होते. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मधली सुमित्रा शेवटी जीव देते. ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये सचिन कुंडलकर कुणाला मारत नाहीत, पण तनयला मागे टाकून तो माणूस निघून जातो. दोन्ही कृती मला फार मोलाच्या वाटतात. प्रश्न माझा आहे. मी अपरिहार्य म्हणत होते, तो माझा आळस होता.

याचा अर्थ सगळ्यांनी सुखान्त लिहावेत असा नाही. ॲनी प्रूलच्या ‘ब्रोकबॅक माउंटन’ला वाचक आपापले सुखान्त जोडून तिला पाठवत राहिले आणि ती वैतागली. मी तिच्या बाजूनं आहे; ती कथा तिथेच संपायला हवी. पण त्या वाचकांना मी पूर्वी हसायचे, आता हसत नाही.

एका जुन्या मित्राला हे सगळं सांगितलं. तो स्वतः गे आहे. त्यानं शांतपणे विचारलं, ‘तुम्हा बायकांना यात नक्की काय मिळतं गं?’ प्रश्न रास्त होता. ही पुस्तकं लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत. सत्तरच्या दशकात ‘स्टार ट्रेक’मधल्या कर्क आणि स्पॉक यांच्या प्रेमकथा लिहून हातोहात वाटणाऱ्याही मुख्यतः बायकाच होत्या. मी त्याला म्हटलं, बाई-पुरुषाचा रोमान्स वाचताना माझ्या डोक्यातला हिशोब थांबत नाही. चहा कोण करणार, नोकरी कोण सोडणार, कुणाचं आडनाव जाणार. दोन पुरुष असले की हे काहीच आधी ठरलेलं नसतं, त्यांना बोलून ठरवावं लागतं. आणि हो, शय्येवरचे प्रसंगही मला आवडतात. त्या पानांवर मी चष्मा पुसून घेते.

तो हसला. मग म्हणाला, ‘तू तिथे सुट्टीला जातेस. आम्हाला तिथे राहायचं असतं.’

याला माझ्याकडे उत्तर नाही. या पुस्तकांमधले काही पुरुष नुसत्या देखण्या बाहुल्या असतात, हेही खरं. पण त्याच्या बोलण्यानंतर मला एक उणीव जास्त टोचू लागली. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ मधून सज्ञानांचं परस्परसंमतीचं प्रेम मोकळं झालं. १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाच्या हक्काला न्यायालयानं नकार दिला. या दोन तारखांच्या मधल्या जागेत माणसं राहताहेत, भाडं भरताहेत, सिलिंडर बुक करायला कोण विसरलं यावरून भांडताहेत. त्यांची मराठी प्रेमकथा, शेवटी दोघं जिवंत असणार याची पहिल्या पानापासून खात्री देणारी, माझ्या वाचनात फारशी आलेली नाही.

म्हणून सध्या मी ती लिहायचा प्रयत्न करतेय. एक शिक्षक आणि एक फ्रिज दुरुस्त करणारा. सातव्या प्रकरणात अडलेय. पुण्यात त्यांना फ्लॅट मिळेना. घरमालक विचारतो, ‘फॅमिली कधी येणार?’ आणि या दोघांनी काय उत्तर द्यावं ते मला सुचत नाही. पूर्वी अशा ठिकाणी मी एखाद्याला नदीकडे पाठवलं असतं.

गेल्या महिन्यात एका कार्यक्रमात पुन्हा तोच प्रश्न आला. या वेळी खरं सांगितलं. सभागृह जरा गप्प झालं, सूत्रसंचालकानं घाईनं पुढचा प्रश्न घेतला. नंतर जिन्यात सत्तरीच्या एक बाई थांबल्या होत्या. हातात छोटी डायरी.

‘ते पुस्तक म्हणालात ना, त्याचा शेवट चांगला आहे का हो?’

‘हो. दोघंही असतात शेवटी.’

‘मग नाव लिहून द्या,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्या नातवाला द्यायचंय.’